कारण की सबब?

१९५० साली ताकेओ दोई हे तरुण जपानी मनोविकारतज्ज्ञ पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेत आले. सुरुवातीच्याच काळात कुणाच्या तरी ओळखीनं ते एका घरी गेले. यजमानांनी विचारलं, भूक लागलीय का, आइस्क्रीम आहे, हवं असेल तर देतो. दोईंना भूक लागलेली होती. पण पहिल्याच भेटीत ‘हो, द्या’ कसं म्हणणार? ते ‘नको’ म्हणाले आणि पुन्हा विचारतील म्हणून थांबले. यजमान ‘असं होय’ म्हणाले, विषय तिथंच संपला. आइस्क्रीम राहिलं ते राहिलंच.

यातली गोम मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. ‘नको हो, आत्ताच जेवून निघालोय’ याचा अर्थ ‘अजून एकदोनदा म्हणा’ असा होतो, हे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही कळतं. दोईंनी मात्र हा प्रसंग गमतीवारी सोडून दिला नाही. ते ज्या मानसशास्त्राचे धडे घेत होते, त्यात आपली गरज आपण ओळखावी आणि तोंडानं मागावी हे प्रौढ मनाचं लक्षण होतं. न बोलता समोरच्यानं ओळखावं ही अपेक्षा बालिश. १९७१ साली आलेल्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात दोईंनी उलट बाजू मांडली: आपल्या माणसावर विसंबावं, त्यानं आपलं मन ओळखावं, ही ओढ मोठेपणीही असते आणि तिला आजार म्हणायचं कारण नाही.

हाच प्रकार संसारात आला की त्याची गंमत राहत नाही. बायको दुसऱ्यांदा विचारलं जाईल म्हणून थांबलेली आणि नवरा तिचं पहिलं ‘नको’ खरं मानून मोकळा झालेला, अशी दहा वर्षं काढलेली जोडपी थेरपिस्टसमोर येऊन बसतात. एकाला वाटतं, दुसऱ्याला माझी पर्वा नाही. दुसऱ्याला वाटतं, ही व्यक्ती कधी सरळ बोलतच नाही. दोघंही खोटं बोलत नसतात.

देश सोडून दुसरीकडे राहणाऱ्या, दोन-तीन संस्कृतींत पाय असलेल्या माणसांसाठीचे मानसोपचार ही गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत हळूहळू घडत गेलेली शाखा आहे. तिच्यात पद्धती बऱ्याच आहेत, पण त्यातलं खरं कौशल्य मला एकाच ठिकाणी दिसतं. समोर मांडलेल्या भांडणात संस्कृती हे कारण आहे की सबब, हे ओळखण्यात. संस्कृतीकडे काणाडोळा करणारा थेरपिस्ट माणसाला आजारी ठरवून मोकळा होतो. आणि प्रत्येक गोष्टीला संस्कृती म्हणून मान डोलावणारा थेरपिस्ट भांडण होतं तिथंच ठेवतो, वर त्याला प्रतिष्ठाही देतो.

स्थलांतर आणि मनाचे विकार यांचा संबंध अभ्यासकांना फार पूर्वी जाणवला होता. ओर्नुल्व ओडेगार्ड या नॉर्वेच्या मनोविकारतज्ज्ञानं १९३२ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात गेलेल्या नॉर्वेजियन लोकांची मायदेशी राहिलेल्यांशी तुलना केली. गेलेल्यांमध्ये स्किझोफ्रेनियाचं प्रमाण जास्त निघालं. मुळात अस्थिर मनाची माणसंच घर सोडतात, असा त्यानं निष्कर्ष काढला. परक्या देशात पडलेल्या ताणाला त्यानं दुय्यम जागा दिली. हा वाद पुढे कित्येक दशकं चालला आणि नंतरच्या संशोधनाचा कल परक्या देशातल्या वागणुकीकडे, एकटेपणाकडे आणि हलाखीकडे झुकत गेला.

रोजच्या कामात थेरपिस्टला याहून उपयोगी पडला तो कार्लोस स्लुझ्की यांचा १९७९ सालचा एक लेख. स्लुझ्की मूळचे अर्जेंटिनाचे, नंतर अमेरिकेत स्थायिक झालेले, म्हणजे स्वतः स्थलांतरित. त्यांचं एक निरीक्षण फार महत्त्वाचं आहे: देश बदलल्यावर कुटुंब लगेच कोसळत नाही. पहिले काही महिने तर उलट दिसतं. घर भाड्यानं घ्यायचं, बँकेत खातं उघडायचं, मुलांची शाळा, गाडीचं लायसन्स, थंडीचे कपडे. सगळे एकमेकांना धरून असतात, कुरबुरींना वेळच नसतो. मग घडी बसते आणि तिथून पडझड सुरू होते. म्हणूनच कुटुंब मदत मागायला येतं तेव्हा स्थलांतराचा विषय कुणाच्या डोक्यातही नसतो. ‘आम्हाला इथं येऊन तीन वर्षं झाली, आता सगळं सेट आहे’ असं ते सांगतात. झोप का लागत नाही, मुलगा का बोलत नाही, हे मात्र कळत नसतं.

स्लुझ्कींनी आणखी एक गोष्ट टिपली. परक्या देशात जोडप्याची नकळत वाटणी होते. एक जण बाहेरच्या जगाशी आणि उद्याशी झटतो: नोकरी, भाषा, कागदपत्रं. दुसरा मागं सोडलेल्या घराशी धागे जपतो: फोन, सण, कुणाच्या बारशाचं, कुणाच्या आजारपणाचं. सुरुवातीला ही सोय असते. काळ जातो तशी एकाची जमीन रुंदावत जाते आणि दुसऱ्याची आक्रसत. पुढे पहिला म्हणतो, ही अजून पुण्यातच राहते. दुसरी म्हणते, याला आता कुणाचंच काही वाटत नाही.

अमेरिकेतल्या भारतीय घरांत या वाटणीला कायद्यानंच सिमेंट लावलं. नवरा एच-वन-बी व्हिसावर, बायको एच-फोरवर. आणि एच-फोरवाल्यांना काम करायची परवानगीच नव्हती. इंजिनिअर, डॉक्टर, सीए झालेल्या मुली घरी बसल्या. २६ मे २०१५ पासून त्यातल्या काहींना, म्हणजे ज्यांच्या जोडीदाराची ग्रीन कार्डची वाटचाल ठरावीक टप्प्यापर्यंत आली आहे त्यांना, काम करता येऊ लागलं. पण त्या ग्रीन कार्डांवर दर देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्यानं भारतीयांची रांग दशकांच्या हिशेबात मोजावी लागते. मुलं तिथं वाढतात आणि २१ वर्षांची झाली की आईबापांच्या अर्जातून बाहेर पडतात. नवऱ्याची नोकरी गेली तर दुसरी शोधायला साधारण साठ दिवस. अशा घरातल्या बाईला ‘तुम्ही स्वतःसाठी काय करता?’ असं विचारणारा थेरपिस्ट चांगल्या मनाचा असेल, पण त्याला तिचा प्रश्न कळलेला नाही. तिचं नैराश्य मनात आहे तितकंच पासपोर्टवरच्या शिक्क्यात आहे. संस्कृतीची चर्चा इथं खरोखर निरर्थक ठरू शकते. आणि नवरा हात उगारत असेल, व्हिसा रद्द करायची धमकी देत असेल, तर जोडप्याला एकत्र बसवून समुपदेशन करणं धोक्याचंसुद्धा आहे. न्यू जर्सीत १९८५ साली ‘मानवी’ ही संस्था निघाली ती दक्षिण आशियाई घरांतल्या अशाच स्त्रियांसाठी. ‘आमच्यात घरातलं बाहेर बोलत नाहीत’ या एका वाक्याखाली किती काय झाकलं जातं, हे अशा संस्थांमुळे चारचौघांत आलं.

आता सबबीकडे वळू. एक जोडपं कल्पू. तो नाशिकचा, म्युनिकमध्ये नोकरीला. ती जर्मन, शाळेत शिक्षिका. लग्नाला सहा वर्षं, एक मुलगी. भांडणाचं निमित्त असं की धाकट्या भावाच्या फ्लॅटसाठी त्यानं मोठी रक्कम पाठवली आणि तिला सांगितलं नाही. बँकेच्या स्टेटमेंटवरून तिला कळलं. थेरपिस्टसमोर त्याचं म्हणणं तयार आहे: “आमच्याकडे भावाला मदत करायला परवानगी घ्यावी लागत नाही. हे तिला कळणार नाही, कारण तिच्याकडे अठरा वर्षांचं झालं की जो तो आपला.” तिचंही तयार आहे: “आमच्याकडे नवरा-बायकोत लपवाछपवी नसते.”

इथं घाईत असलेला थेरपिस्ट दोन संस्कृतींची ओळख करून देतो. भारतीय समूहनिष्ठ, जर्मन व्यक्तिनिष्ठ, दोघांनी एकमेकांना समजून घ्या. दोघं मान हलवून घरी जातात आणि पुढच्या महिन्यात तेच भांडण जास्त भारदस्त शब्दांत करतात.

जाणता थेरपिस्ट मोठा कागद घेतो आणि दोन्ही घरांच्या तीन पिढ्यांचा नकाशा काढायला लागतो. आजी-आजोबा, काका-आत्या, कुणाचं कुणाशी पटत होतं, कोण कुणाशी बोलायचं थांबलं, पैसा कुणाच्या हातात. कुटुंबोपचारातलं हे जुनं साधन आहे, मोनिका मॅक्‌गोल्ड्रिक यांनी ते रुळवलं. रेषा काढता काढता तो विचारतो, “तुमच्या वडिलांनी भावांना पैसे दिले असतील?”

“अनेकदा.”

“आईंना न सांगता?”

तो जरा थांबतो. मग सांगतो की नाही, अण्णा आईला विचारल्याशिवाय एक रुपया हलवत नसत. उलट आईच म्हणायची, धाकट्या भाऊजींना अजून थोडे द्या.

म्हणजे भावाला मदत करणं हा त्याच्या घरचा रिवाज खरा, पण बायकोपासून लपवणं हा रिवाज नव्हे. ते त्याचं स्वतःचं आहे. तिच्याशी वाद घालायला तो कचरतो आणि त्या कचरण्यावर ‘आमच्याकडे’ असं लेबल लावतो. मग नकाशाचा दुसरा अर्धा भाग. तिच्या घरी म्हणे लपवाछपवी नव्हती. पण तिच्या आजोबांच्या नावापुढे काय लिहायचं हे तिला ठाऊक नाही, कारण युद्धातल्या वर्षांबद्दल त्या घरात कुणी बोललेलं नाही. दोन्ही ‘आमच्याकडे’ तपासून पाहिल्यावर जे उरतं ते खरं सांस्कृतिक: मिळकतीचा किती हिस्सा नाशिकच्या घराचा, यावर दोघांची मनापासून वेगळी मतं आहेत. तिथं कुणी चूक नाही. तिथं घासाघीस करावी लागते, आकडे ठरवावे लागतात. आधीचा गुंता सुटला नाही तर त्या आकड्यांपर्यंत पोचताच येत नाही.

मी हे उदाहरण मुद्दाम बेतलेलं आहे, पण याची जात ओळखीची वाटेल. परदेशात संस्कृती हे फार सोयीचं उत्तर असतं. ती कुणाचा दोष नसते, तिच्यावर वाद घालता येत नाही आणि समोरच्या गोऱ्या थेरपिस्टला तिच्यापुढे बोलायची हिंमत होत नाही.

थेरपिस्ट विरुद्ध बाजूनंही घसरतात. मुलगा तिशी ओलांडूनही आईशी रोज अर्धा तास फोनवर बोलतो, घर घ्यायचं तर वडिलांना विचारतो. हे पाहून पाश्चात्त्य कुटुंबोपचारात शिकलेल्या माणसाच्या डोक्यात धोक्याची घंटा वाजते. या माणसाला स्वतंत्र ‘मी’ नाही, एकमेकांत गुरफटलेलं कुटुंब आहे, असं निदान तयार होतं. ही गुरफटण्याची कल्पना साल्व्हादोर मिनुचिन यांनी फिलाडेल्फियात गाजवली. गंमत म्हणजे मिनुचिन स्वतः अर्जेंटिनातल्या एका एकमेकांना घट्ट धरून असलेल्या ज्यू स्थलांतरित घरात वाढले होते. ॲलन रोलंड हे न्यू यॉर्कचे मनोविश्लेषक भारतात आणि जपानमध्ये काम करून गेले आणि १९८८ साली त्यांनी लिहिलं की इथल्या माणसाचा ‘स्व’च मुळी कुटुंबासकट असतो, त्याला अर्धवट वाढलेला म्हणणं ही मोजपट्टीची चूक आहे. प्रश्न फोन किती वेळा होतो हा नाहीच. आईला एखाद्या वेळी ‘नाही’ म्हटलं तर काय होतं, हा प्रश्न आहे. त्या उत्तरावरून जवळीक आणि जाच वेगळे काढता येतात, मग घर सातारचं असो की सिएटलचं.

मग थेरपिस्टांना संस्कृतींचं शिक्षण द्यावं का? दिलं गेलं. आयरिश असे, इटालियन असे, भारतीय असे, प्रत्येकी एक प्रकरण. त्याचा उपयोग झाला आणि तोटाही. कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडच्या दोन डॉक्टर, मेलनी टरव्हालोन आणि जॅन मरे-गार्सिया, यांनी १९९८ साली लिहिलेल्या एका निबंधात एक प्रसंग आहे. शस्त्रक्रियेनंतर काही तासांनी एक लॅटिनो बाई कण्हत पडली आहे. तिकडून जाणारा एक लॅटिनो डॉक्टर नर्सला म्हणतो, यांना फार दुखतंय असं दिसतंय. नर्स ते उडवून लावते: या लोकांत दुखणं वाढवून दाखवतात, मी त्याचा कोर्स केलाय. कोर्स तिच्या डोक्यात इतका बसला होता की समोरची बाई तिला दिसलीच नाही. तेव्हापासून जाणकार लोक संस्कृतीवरच्या प्रभुत्वाऐवजी नम्रतेची भाषा बोलू लागले. माहिती असू द्यावी, पण विचारावं. २०१३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं आपल्या निदानसंहितेत सोळा प्रश्नांची एक मुलाखत घातली ती याच दिशेनं. तुमच्या मते हे कशामुळे झालं? घरच्यांना तुम्ही हे कोणत्या शब्दांत सांगता? आजवर काय काय करून पाहिलं? आजारपणाचं हे स्पष्टीकरण रुग्णाकडूनच मागावं, हे मनोविकारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी त्याआधी तीस-पस्तीस वर्षं सांगून ठेवलं होतं. शेवटच्या प्रश्नाचं मराठी घरातलं खरं उत्तर बहुतेकदा होमिओपॅथी, पत्रिका आणि नारायणनागबळी यांतून फिरून येतं, आणि ते विचारल्याखेरीज कुणी सांगत नाही.

भाषेचं प्रकरण मला सगळ्यांत रोचक वाटतं. मनोविश्लेषणाच्या जन्मकथेतच ते आहे. ‘आना ओ.’ या नावानं प्रसिद्ध झालेली व्हिएन्नाची तरुणी, बर्था पापेनहाइम, १८८० ते १८८२ या काळात डॉक्टर ब्रॉयरकडे उपचार घेत होती. आजारपणाच्या एका टप्प्यावर तिची मातृभाषा जर्मन बंद पडली आणि ती फक्त इंग्रजीत बोलू लागली. फ्रॉइड आणि ब्रॉयर यांच्या १८९५ सालच्या पुस्तकातली ही पहिलीच केस. म्हणजे बोलून बरं होण्याची ही पद्धत सुरू झाली तीच एका परक्या भाषेत.

परकी भाषा मन झाकतेही आणि उघडतेही. २००३ साली बॉस्टनच्या कॅथरिन हॅरिस आणि सहकाऱ्यांनी तुर्की मातृभाषा असलेल्या आणि इंग्रजी उशिरा शिकलेल्या लोकांच्या बोटांना इलेक्ट्रोड लावले आणि त्यांना दोन्ही भाषांतले शब्द ऐकवले. लहानपणी मिळतात तसली रागावणी तुर्कीत ऐकली की कातडीची विद्युतवाहकता उसळायची. इंग्रजीत तितकी नाही. ‘लाज नाही वाटत?’ हे वाक्य मराठीत ऐकून पोटात जो गोळा येतो तो त्याच अर्थाच्या इंग्रजी वाक्यानं येत नाही, हे प्रयोग न करताही पटेल. म्हणून परदेशात जन्मभर राहिलेला माणूस इंग्रजीत आपल्या वडिलांच्या माराविषयी बातमी वाचल्यासारखं बोलतो. थेरपिस्टला वाटतं, जखम भरली आहे. मग एखादा जाणता थेरपिस्ट म्हणतो, वडील तेव्हा जे म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत म्हणा, मला कळलं नाही तरी चालेल. मराठी शब्द तोंडातून येतो आणि आवाज बदलतो. उलटही घडतं. शरीराविषयी, लैंगिक छळाविषयी मराठीत तोंड उघडत नाही अशी बाई इंग्रजीत ते पहिल्यांदा बोलू शकते, कारण त्या भाषेत तिला कुणी गप्प बसवलेलं नसतं.

सुधीर कक्कर यांनी हे आतून अनुभवलं होतं. इंजिनिअरिंग आणि अर्थशास्त्र करून ते मनोविश्लेषणाकडे वळले आणि सत्तरच्या दशकात फ्रँकफर्टला शिकले. शिकताना स्वतःचं विश्लेषण करून घ्यावं लागतं; कक्कर यांचं ते जर्मन भाषेत, जर्मन विश्लेषकाकडे झालं. मनाचा जो भाग बालपणीच्या भाषेत आणि चालीरीतींत घडला तो तिथं किती बोलला गेला, हा प्रश्न त्यांनी पुढे आपल्या लिखाणात पुन्हा पुन्हा उपस्थित केला. आयुष्याची शेवटची वर्षं ते गोव्यात बाणावलीला राहिले, २०२४ साली वारले. भारतीय मनाविषयी पश्चिमेत जे गंभीरपणे वाचलं जातं त्यातलं बरंचसं त्यांचं आहे.

पॅरिसच्या ईशान्येला बोबिन्यी नावाचं उपनगर आहे, उत्तर आणि पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या लोकांचं. तिथल्या आव्हिसेन रुग्णालयात तोबी नातान यांनी १९७९ च्या सुमारास एक वेगळीच बैठक सुरू केली आणि मारी रोझ मोरो यांनी ती पुढे वाढवली. एका खोलीत एक थेरपिस्ट आणि एक रुग्ण अशी ही मांडणी नाही. वर्तुळात दहा-बारा थेरपिस्ट, त्यांतले बरेचसे स्वतः वेगवेगळ्या देशांतून आलेले. कुटुंब त्यांच्यात बसतं, शेजारी त्यांच्या भाषेचा दुभाषी. आई सांगते, बाळ रात्री रडतं कारण त्याला कुणीतरी बोलावतंय. मुख्य थेरपिस्ट ते खोडत नाही आणि मानतही नाही. तो वर्तुळाकडे वळतो. एक जण म्हणतो, माझ्या आजीच्या गावात असं झालं की बाळाचं नाव बदलायचे. दुसरी म्हणते, आमच्याकडे विचारायचे की बाळाच्या आधी घरात कोण गेलं? मग आई सांगते की तिची आई वारली तेव्हा तिला विमानाचं तिकीट काढता आलं नव्हतं. ज्या समाजात संकटाचा विचार एकट्यानं नाही, घोळक्यानं करायची सवय आहे त्याला ही बैठक परकी वाटत नाही. नातान यांच्यावर टीकाही जोरदार झाली. दिदिये फासाँ या मानववंशशास्त्रज्ञानं विचारलं की घर, नोकरी आणि पोलिसांचा जाच हे ज्यांचे प्रश्न आहेत त्यांना तुम्ही भूतपिशाच्चांच्या कोठडीत का टाकता? टीका रास्त आहे. सबब इथं रुग्णाची नसून व्यवस्थेची असते: तुमची संस्कृती वेगळी म्हणून तुम्हाला त्रास होतो, भाडं परवडत नाही म्हणून नव्हे.

आईबाप आणि परदेशात वाढलेली मुलं यांचा प्रश्न तर प्रत्येक महाराष्ट्र मंडळात चर्चिला जातो, बहुधा बटाटेवड्यांच्या ताटासमोर. त्यावरचा सर्वांत चतुर उपाय मला मायामीत सापडतो. १९५९ नंतर क्यूबातून पळून आलेल्या कुटुंबांत मुलं पटापट अमेरिकन होत होती, आईबाप आपल्या जागी गोठत होते. मुलं शाळेतून घरी भाषा आणि हिंमत आणायची. बाप जितका धाक वाढवी तितकी मुलं बाहेर. होसे शापोच्निक, स्वतः क्यूबातून आलेले, यांनी आणि सहकाऱ्यांनी १९८४ च्या सुमारास एक प्रशिक्षण रचलं. त्यांनी सांगितलं की या घरात आजारी मुलगा नाही आणि आजारी बापही नाही, दोन संस्कृतींमधली रस्सीखेच आजारी आहे. मग दोघांना एकमेकांच्या संस्कृतीतल्या चांगल्या गोष्टी शोधायला लावल्या. हे अगदी खरं होतं असंही नाही; थोडीफार सबबच होती. पण ती दोघांनाही माघार घ्यायला वाट देत होती, आणि कुणाची मान खाली जात नव्हती. सबबीचा असा शहाणा उपयोग करता येतो हे मान्य करायला हवं.

पण तोच बाप मुलीच्या मैत्रिणींच्या घरी राहण्यावर, मुलाच्या मानसशास्त्र शिकायच्या हट्टावर, दोन्हींवर ‘आपल्यात चालत नाही’ म्हणतो तेव्हा जरा तपासावं लागतं. त्याच्या आठवणीतलं ‘आपल्यात’ १९९५ सालच्या डोंबिवलीचं असतं. त्याची डोंबिवलीतली भाची आज एकटी बंगळूरला राहते.

मागं राहिलेल्या आईवडिलांचा विचार थेरपीत उशिरा आला. कुटुंबोपचारतज्ज्ञ पॉलिन बॉस यांनी ज्याला संदिग्ध वियोग म्हटलं त्याचं मूळ त्यांच्या घरात होतं. त्यांचे वडील स्वित्झर्लंडहून विस्कॉन्सिनला आले होते आणि तिथं मुलाबाळांत राहूनही मागं राहिलेल्या आईभावंडांसाठी झुरत. माणूस गेलेला नाही, म्हणून सुतक नाही. जवळही नाही, म्हणून सोबत नाही. महाराष्ट्रात शहरागावांत असे आईवडील भरपूर आहेत. मुलगा यशस्वी असल्यानं त्यांना दुःख बोलून दाखवायचीही चोरी. कोविडच्या काळात बापाचा अंत्यविधी स्क्रीनवर पाहिलेली मुलं आज थेरपीत येतात. पण ज्या आईनं तो फोन हातात धरून उभं राहायचं काम केलं तिला कुणी विचारत नाही. तिला ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर फुकट आणि मराठीतून बोलता येतं, निदान तेवढी सोय २०२२ पासून झाली आहे.

परत आलेल्यांचंही असंच. बाणेर-बालेवाडीच्या सोसायट्यांत दहा-बारा वर्षं बाहेर काढून आलेली घरं आहेत. आईबाप म्हणतात, आम्ही घरी आलो. चौदा वर्षांच्या मुलीसाठी मात्र हे स्थलांतर आहे, तिचं पहिलंच. समाजशास्त्रज्ञ रूथ युसीम १९५० च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करत होत्या, तेव्हा त्यांना अशीच मुलं दिसली होती: आईबापांच्या देशाची नाहीत, राहत्या देशाचीही नाहीत, तिसऱ्याच कुठल्या तरी टोळीची. आज उलट दिशेनं आलेली ती टोळी पुण्याच्या शाळांत बसते आणि वर्गशिक्षिका पालकांना सांगतात की मुलगी हुशार आहे, पण मिसळत नाही.

आता थोडं व्यवहाराचं. अमेरिकेत रुग्ण ज्या राज्यात बसलेला आहे तिथला परवाना थेरपिस्टकडे लागतो. त्यामुळे पुण्यातल्या आवडत्या बाईंकडे न्यू जर्सीतून व्हिडिओवर बसणं सोयीचं असलं तरी कायद्याच्या नजरेत अडचणीचं आहे. जर्मनीत वैयक्तिक थेरपीचा खर्च सरकारी आरोग्य विमा देतो, पण रांग महिनोन्‌महिने. जोडप्याच्या थेरपीचा खर्च विमा देत नाही, दुभाष्याचाही सहसा नाही. इंग्लंडमध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय सरकारी सेवेकडे स्वतः नाव नोंदवता येतं, मात्र तिथं ‘सायकोथेरपिस्ट’ ही पदवी कायद्यानं राखीव नाही, कुणीही पाटी लावू शकतो, नोंदणी तपासावी. लंडनला १९८३ साली जाफर करीम यांनी सुरू केलेलं ‘नफसियात’ हे केंद्र अनेक भाषांत काम करतं.

मराठी थेरपिस्टच हवा का, हा प्रश्न लोक हमखास विचारतात. आपल्या माणसाकडे गेलं की वरणभात आणि वर्षश्राद्ध समजावून सांगावं लागत नाही, हे खरं. पण गाव लहान असतं, गणपतीत तोच समोर आरतीला उभा राहतो, आणि गुपित फुटेल या भीतीनं माणूस निम्मं गिळतो. शिवाय आपल्या माणसाकडून आपल्याला सल्ला हवा असतो. मनोविकारतज्ज्ञ जसवंत सिंग नेकी यांनी १९७३ सालीच लिहिलं होतं की भारतीय रुग्ण डॉक्टरकडे गुरू म्हणून पाहतो. त्याला तटस्थ श्रोता नको असतो. हे नातं वापरता येतं, त्यात अडकताही येतं. आणि आपल्याकडच्या थेरपिस्टची खोड अशी की तो ‘सासूबाई’ हा शब्द ऐकला की पुढचं ऐकत नाही, त्याला सगळं माहीत असतं. परका निदान विचारतो. पहिल्या भेटीत बाईनं ‘तुम्हाला तर कळेलच’ म्हटलं आणि समोरच्यानं लगेच मान डोलावली, तर दुसरा थेरपिस्ट शोधायला हरकत नाही.